धावपट्टीवर आणीबाणी आली की रेडिओवर काय बोलायचं: वैमानिक, टॉवर आणि अग्निशमन दलासाठी

१४० नॉट वेग म्हणजे सेकंदाला सुमारे ७२ मीटर. उड्डाणासाठी धावत सुटलेल्या विमानाला टॉवरने सहा सेकंदांचं वाक्य ऐकवलं, तर ते संपेपर्यंत विमानाने ४०० मीटरहून जास्त धावपट्टी मागे टाकलेली असते. उतरायला निघालेलं विमान तीन किलोमीटरवर असेल, तर चाळीसेक सेकंदांत ते धावपट्टीच्या टोकाशी येतं. आणीबाणीतलं बोलणं या मापात बसवावं लागतं. म्हणून एक कसोटी कायम हाताशी ठेवा: हे वाक्य ऐकून समोरच्याला याच क्षणी काही करता येणार आहे का? येणार असेल तर बोला. नसेल तर ते नंतर सांगता येतं.

खाली दिलेली पद्धत आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या, नियमांना धरून आहे. देशानुसार आणि कंपनीनुसार तपशील थोडे बदलतात. तिथे स्थानिक नियमावलीच प्रमाण. उदाहरणांमधला ‘फास्टएअर ३४५’ हा प्रशिक्षणाच्या पुस्तिकांत वापरला जाणारा काल्पनिक कॉल साइन, म्हणजे रेडिओवर विमानाला हाक मारायचं नाव, आहे.

## आधी रेडिओची मर्यादा समजून घ्या

टॉवरशी बोलायचा व्हीएचएफ रेडिओ एका वेळी एकालाच बोलू देतो. दोघांनी एकदम बटण दाबलं, तर ऐकणाऱ्याला दोघांपैकी कोणाचंच धड कळत नाही, नुसती शिट्टी ऐकू येते. शिवाय बटण दाबणाऱ्याला आपलं बोलणं वाया गेल्याचा पत्ताही नसतो.

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर हेच घडलं. दाट धुक्यात केएलएमच्या सहवैमानिकाने ‘वी आर नाऊ अ‍ॅट टेकऑफ’ असं सांगितलं. टॉवरने ‘ओके’ म्हणून क्षणभर थांबून ‘स्टँड बाय फॉर टेकऑफ, आय विल कॉल यू’ असं म्हटलं. नेमक्या त्याच वेळी पॅन अ‍ॅमच्या विमानाने आपण अजून धावपट्टीवरच असल्याचं सांगितलं. केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’ स्पष्ट पोचलं आणि जीव वाचवू शकणारी पुढची दोन्ही वाक्यं शिट्टीत बुडाली. दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. त्यानंतर नियम झाला की ‘टेकऑफ’ हा शब्द फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना उच्चारायचा. बाकी सगळीकडे ‘डिपार्चर’.

यातून रोजच्या सवयी ठरतात. बटण दाबण्याआधी क्षणभर ऐका. दाबल्यावर लगेच तोंड उघडू नका, नाहीतर पहिला शब्द, म्हणजे बहुधा कॉल साइनच, कापला जातो. बोलण्याचा वेग मिनिटाला १०० शब्दांच्या वर जाऊ नये, असं आयकाओ सांगते. घाबरलेला माणूस याच्या दीडपट वेगाने सहज बोलतो. दोन संदेश एकमेकांवर आदळल्याचं तिसऱ्या कोणाच्या लक्षात आलं, तर त्याने ‘ब्लॉक्ड’ एवढंच म्हणावं. आणि ‘ओके’ हा शब्द टॉवरच्या वाक्याच्या सुरुवातीला नसलेलाच बरा.

## उड्डाण अर्ध्यात सोडताना: वैमानिकाचे दोन संदेश

इंजिनाला आग, टायर फुटणं, पक्ष्यांची धडक, काहीही असो. पहिलं काम विमान थांबवणं. रेडिओ त्याच्या मागून येतो. पण फार मागूनही नको, कारण मागे उतरायला आलेलं विमान आणि पुढे धावपट्टी ओलांडू पाहणारं वाहन या दोघांनाही तुमच्या थांबण्याची कल्पना नसते.

पहिला संदेश विमान चालवत नसलेल्या वैमानिकाने द्यायचा, विमानाचा वेग उतरत असतानाच:

‘टॉवर, फास्टएअर ३४५, स्टॉपिंग.’

एवढंच. समांतर धावपट्ट्या असतील तर धावपट्टीचा क्रमांक जोडावा. कारण सांगण्याची घाई नको. या घडीला ते बहुतेक वेळा नक्की माहीत नसतं, आणि चुकीचं कारण एकदा कानावर पडलं की पुसायला कठीण जातं.

विमान थांबलं, पार्किंग ब्रेक लागला, की दुसरा संदेश. त्यात चार गोष्टी असाव्यात: काय झालं, आम्ही कुठे आहोत, काय करणार आहोत, काय हवं आहे.

‘मेडे मेडे मेडे, टॉवर, फास्टएअर ३४५, लेफ्ट इंजिन फायर, स्टॉप्ड ऑन रनवे टू सेव्हन अ‍ॅबीम टॅक्सीवे डेल्टा, रिक्वेस्ट फायर सर्व्हिसेस, स्टँड बाय फॉर इव्हॅक्युएशन.’

‘आम्हाला जरा अडचण आली आहे’ असल्या वाक्यांनी टॉवरवर कोणाचाही हात धोक्याच्या घंटेकडे जात नाही. ‘स्मोक इन केबिन’, ‘नोज गिअर कोलॅप्स्ड’, ‘ब्रेक फायर राइट साइड’ असे तीन-चार शब्दांचे तुकडे करा. ठरीव शब्दावली आणीबाणीत कधी ना कधी कमी पडतेच. तेव्हा साध्या इंग्रजीवर यावं लागतं. म्हणूनच ५ मार्च २००८ पासून आंतरराष्ट्रीय वाहतुकीतल्या वैमानिक-नियंत्रकांसाठी भाषाक्षमतेची किमान चौथी पातळी ठरवली गेली. दोघांची मातृभाषा एकच असली तरी शक्यतो इंग्रजीच बोला. नाहीतर त्या फ्रिक्वेन्सीवरच्या परदेशी विमानाला धावपट्टी अडली आहे हे कळणारच नाही.

दुसऱ्या संदेशाच्या आधी एक प्रश्न टॉवरला विचारण्याजोगा असतो: आग दिसते का, कुठल्या बाजूला, आणि वारा कुठून आहे? कॉकपिटमधून स्वतःचं इंजिन बहुधा दिसत नाही. मँचेस्टरला २२ ऑगस्ट १९८५ रोजी ब्रिटिश एअरटूर्सच्या बोइंग ७३७ चं डावं इंजिन उड्डाणाच्या धावेत फुटलं. चालकांना आधी टायर फुटल्यासारखं वाटलं. टॉवरने भरपूर आग दिसत असल्याचं आणि प्रवासी उजव्या बाजूने उतरवावेत असं सांगितलं, तोवर विमान उजवीकडच्या जोडरस्त्यावर वळत होतं. त्या वळणाने पेटलेली डावी बाजू वाऱ्याच्या तोंडावर आली आणि हलक्याशा वाऱ्यानेही ज्वाला थेट धडावर लोटल्या. ५५ जण मृत्युमुखी पडले. आगीची शंका असेल तेव्हा धावपट्टी मोकळी करून देण्याचा शिष्टाचार बाजूला ठेवा आणि सरळ धावपट्टीवरच थांबा. धावपट्टी अडली तर काय करायचं, हे टॉवर बघून घेईल.

जमिनीवर थांबलेल्या विमानाने १२१.५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे आणीबाणीसाठी राखलेल्या फ्रिक्वेन्सीवर, जाऊ नये. टॉवर, अग्निशमन दल आणि मागचं विमान हे सगळे तुम्ही आधीपासून बोलत असलेल्या फ्रिक्वेन्सीवरच असतात. ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्रावर, ७७०० हा आणीबाणीचा संकेत लावण्यातही वेळ घालवू नका. तो संकेत हवेतल्या विमानासाठी उपयोगाचा आहे.

## मेडे की पॅन-पॅन

जिवाला गंभीर आणि तातडीचा धोका असेल तर मेडे, तीनदा. परिस्थिती गंभीर आहे पण तत्काळ मदत लागणार नाही, अशा वेळी पॅन-पॅन, तीनदा. धावपट्टीवर शंका असेल तर मेडेच म्हणा. पॅन-पॅनचं नंतर मेडे करण्यापेक्षा मेडे मागे घेणं केव्हाही सोपं.

दोन्हींऐवजी ‘प्रायॉरिटी’ मागण्याचा मोह मात्र टाळा. २५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कजवळ एव्हियान्काचं ५२ क्रमांकाचं विमान इंधन संपून कोसळलं, ७३ जण गेले. चालकांनी इंधन संपत आल्याचं सांगितलं होतं, प्राधान्यही मागितलं होतं. आणीबाणी मात्र जाहीर केली नव्हती. नियंत्रकाच्या कानांना ‘प्राधान्य’ ही एक विनंती वाटते. मेडे ऐकल्यावर त्याच्या पुढ्यातली सगळी वाहतूक नव्याने मांडावी लागते.

## टॉवरने काय करायचं

इथे क्रमाला फार महत्त्व आहे, म्हणून आकडे घालून:

१. ज्याला धडक बसू शकते त्याच्याशी आधी बोला. ‘स्टॉपिंग’ ऐकताच अडचणीतल्या विमानाला प्रश्न विचारण्याचा मोह होतो. त्याआधी उतरणाऱ्या विमानाला ‘गो अराउंड’, म्हणजे न उतरता पुन्हा वर जा, असं सांगा. कारण नंतर. ‘गोइंग अराउंड’ हे उत्तर कानावर आलं पाहिजे.

२. धावपट्टीच्या कडेला किंवा धावपट्टीवर असलेल्या प्रत्येक विमानाला आणि वाहनाला थांबवा.

३. घंटा वाजवा. वैमानिकाने मागणी करण्याची वाट पाहू नका. अग्निशमन दलाचा पहिला बंब धावपट्टीच्या कोणत्याही भागात दोन मिनिटांत पोचावा हे उद्दिष्ट, आणि तीन मिनिटांच्या वर जाऊ नये ही मर्यादा, तीही रस्ते कोरडे आणि दृश्यता चांगली असताना. तुमचे वीस सेकंद त्यातूनच वजा होतात.

४. मग अडचणीतल्या विमानाला: ‘फास्टएअर ३४५, रॉजर मेडे, फायर सर्व्हिसेस ऑन द वे, विंड टू फाइव्ह झीरो डिग्रीज सेव्हन नॉट्स.’ आग दिसत असेल तर बाजूसकट सांगा: ‘फायर व्हिजिबल लेफ्ट इंजिन.’ डावं-उजवं नेहमी वैमानिकाच्या दृष्टीने. टॉवरमधून विमानाचं नाक तुमच्याकडे असेल तर हे हमखास उलटं होतं.

५. आता गप्प बसा.

हा पाचवा मुद्दा शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. थांबलेल्या विमानात दोन माणसं इंजिनं बंद करणं, अग्निशामक बाटल्या सोडणं, केबिनशी बोलणं, उतरायचं की नाही हे ठरवणं यात गुंतलेली असतात. युरोपात नियंत्रकांना ‘असिस्ट’ या आद्याक्षरांनी जो क्रम शिकवतात (दखल, अंतर, शांतता, माहिती, आधार, वेळ), त्यात शांतता तिसऱ्या क्रमांकावर आहे. त्यात इतर विमानांना गप्प करणंही आलं: ‘ऑल स्टेशन्स, स्टॉप ट्रान्समिटिंग, मेडे.’

लागणारी माहिती एकेक प्रश्न विचारून घ्या, तीही वैमानिकाने ‘गो अहेड’ म्हटल्यावर. विमानात किती माणसं? (चालक आणि तान्ही मुलं धरून. प्रवाशांचा आकडा आणि माणसांचा आकडा यांत नेहमी गल्लत होते.) इंधन किती? हवेतल्या विमानाकडून ते मिनिटांमध्ये हवं असतं, जमिनीवरच्या आगीसाठी किलोंमध्ये. धोकादायक माल आहे का, कुठल्या भागात? यांतलं काही कंपनीच्या कार्यालयाकडून मिळत असेल तर वैमानिकाला विचारूच नका.

‘आर यू ओके?’ हा तर सर्वांत निरुपयोगी प्रश्न. त्याचं उत्तर सवयीने ‘येस’ येतं. ‘से इंटेन्शन्स’ विचारा. त्याला हो-नाहीत उत्तर देता येत नाही.

## टॉवरनेच विमान थांबवायचं असेल तेव्हा

धावपट्टीवर मध्येच वाहन आलं, दुसरं विमान घुसलं, तर दोन वेगळ्या सूचना आहेत आणि त्यांची अदलाबदल करू नये.

विमान धावपट्टीवर उभं आहे, अजून सुटलेलं नाही: ‘फास्टएअर ३४५, होल्ड पोझिशन, कॅन्सल टेकऑफ, आय से अगेन, कॅन्सल टेकऑफ’, आणि पुढे कारण. उत्तर: ‘होल्डिंग.’

विमान धावायला लागलं आहे: ‘फास्टएअर ३४५, स्टॉप इमिजिएटली, फास्टएअर ३४५, स्टॉप इमिजिएटली.’ उत्तर: ‘स्टॉपिंग.’

कॉल साइन आणि हुकूम दोनदा म्हणण्यामागे कारण आहे. धावेत कॉकपिट गोंगाटाचं असतं, लक्ष वेगावर आणि इंजिनांवर असतं, आणि पहिली हाक फक्त ‘कोणीतरी बोलतंय’ एवढंच जाणवून देते. धावणाऱ्या विमानाला कारण सांगत बसू नका. ‘स्टॉप’ हा शब्द वाक्याच्या शेवटी ढकलू नका.

नियंत्रकाने एक गोष्ट मनात पक्की ठेवावी. विमानाने व्ही-वन हा निर्णयवेग ओलांडला असेल, तर उरलेल्या धावपट्टीत ते थांबू शकेलच असं नाही, आणि वैमानिक उड्डाण पुढे नेण्याचा निर्णय घेऊ शकतो. हुकूम दिला म्हणजे विमान थांबलं असं धरून पुढची योजना आखू नका. डोळ्यांनी पाहा, आणि वर गेलं तर त्याच्यासाठी हवेतली जागा मोकळी ठेवा.

## बंबांना सूचना

आणीबाणीत धावपट्टीवर धावत येणारी वाहनं हा स्वतंत्र धोका असतो. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी लिमा विमानतळावर प्रतिसादाच्या वेळेची चाचणी चालू असताना अग्निशमनाचं वाहन धावपट्टीवर आलं आणि उड्डाणासाठी धावणारं लाटामचं विमान त्यावर आदळलं. विमानातले सगळे वाचले, बंबातले जवान गेले. चाचणी सुरू करायची परवानगी आणि धावपट्टीवर जायची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंबाचा चालक आणि टॉवर यांच्यात हा फरक प्रत्येक वेळी शब्दांत यायला हवा: ‘एंटर रनवे टू सेव्हन’ किंवा ‘होल्ड शॉर्ट ऑफ रनवे टू सेव्हन’. यांपैकी एकही कानावर आलं नसेल, तर चालकाने धावपट्टीच्या कडेला थांबून विचारायचं, मग मागे घंटा कितीही वाजत असो.

टॉवरचा पहिला निरोप बंबांना देताना: विमानाचा प्रकार, जाळीच्या नकाशावरची जागा, काय झालं, माणसं, इंधन, धोकादायक माल. पहिल्या दोन गोष्टी मिळाल्या की निघा. उरलेलं वाटेत मिळेल. दर्जाही ठरलेल्या शब्दांत सांगा: लोकल स्टँडबाय, फुल इमर्जन्सी किंवा एअरक्राफ्ट अ‍ॅक्सिडेंट. कोणत्या शब्दावर किती वाहनं निघायची हे आधीच ठरलेलं असतं, ‘जरा तयार राहा’ याचा अर्थ मात्र ज्याचा त्याने लावायचा.

बंब विमानापाशी पोचले की शक्य असेल तिथे दलप्रमुख आणि वैमानिक यांना थेट बोलू द्या. त्यासाठी काही देशांत १२१.६ मेगाहर्ट्झ राखून ठेवलेली असते. मधल्या माणसामार्फत निरोप फिरवला की ‘धूर’चा ‘आग’ होतो. दलप्रमुखाला वैमानिकाकडून आधी एकच हवं असतं: इंजिनं बंद झाली का? १९ ऑगस्ट १९८० रोजी रियाधला सौदियाचं १६३ क्रमांकाचं विमान पेटलेल्या अवस्थेत सुखरूप उतरलं, टॅक्सीवेवर जाऊन थांबलं, पण थांबल्यावरही तीन मिनिटांहून अधिक काळ इंजिनं चालू होती. बचाव पथकाला जवळ जाता आलं नाही, आतून दारं उघडली गेली नाहीत. विमानातले सर्व ३०१ जण गेले. ‘इव्हॅक्युएटिंग’ असं वैमानिकाने सांगितलं की कोणत्या बाजूने आणि कोणतं इंजिन अजून फिरतंय हे त्याला जोडूनच यायला हवं.

रेडिओ जमलाच नाही तर हातांच्या खुणा आहेत. डोक्यासमोर मनगटं एकमेकांवर: उतरवणं थांबवा. एक हात आडवा, पंजा डोळ्यांच्या पातळीला, मागच्या दिशेने बोलावल्यासारखा हलवत, दुसरा हात अंगाशी: प्रवासी उतरवा. दोन्ही हात खाली तिरपे पसरून कमरेखाली मनगटं जुळवून पुन्हा पसरणं: धोका आटोक्यात आहे. वैमानिकांच्या उजळणीत या खुणा फार क्वचित येतात. त्या चेकलिस्टच्या पाठीवर छापून ठेवलेल्या बऱ्या.

## रीडबॅक: शब्द बरोबर, समज चूक

धावपट्टीवर जाणं, उतरणं, उडणं, ओलांडणं, उलट दिशेने जाणं आणि धावपट्टीबाहेर थांबणं, यांबद्दलची प्रत्येक सूचना शब्दशः परत म्हणायची असते; यालाच रीडबॅक म्हणतात. इथे ‘रॉजर’ चालत नाही. ‘रॉजर’चा अर्थ फक्त ‘ऐकलं’ एवढाच होतो.

पण रीडबॅक बरोबर आला म्हणजे समजही बरोबर आहे, असं नाही. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर तटरक्षक दलाच्या विमानाला ‘नंबर वन’, म्हणजे उड्डाणाच्या रांगेत पहिलं, म्हणून सी-फाइव्ह थांब्यापर्यंत जायला सांगितलं गेलं. रीडबॅक बरोबर होता. तरी कप्तानाची समजूत झाली की धावपट्टीवर जायची परवानगी मिळाली. विमान धावपट्टीवर सुमारे ४० सेकंद उभं राहिलं आणि उतरणारं जपान एअरलाइन्सचं ए-३५० त्यावर आदळलं. तटरक्षक दलाचे पाच जण गेले, प्रवासी विमानातले ३७९ जण बाहेर पडले. क्रमांक सांगणं ही सोय होती; घाईत असलेल्या माणसाने त्यातून परवानगी ऐकली. जपानने त्यानंतर रांगेतला क्रमांक सांगणंच काही काळ थांबवलं.

म्हणून रीडबॅक ऐकताना नियंत्रकाने दुसरं काम हातात घेऊ नये, आणि ऐकून झाल्यावर नजर धावपट्टीवर टाकावी. कॉकपिटमध्ये दोघांपैकी एकालाही शंका असेल तर तिथल्या तिथे विचारावं: ‘कन्फर्म क्लिअर्ड टू एंटर रनवे टू सेव्हन?’ टेनेरिफला केएलएमच्या फ्लाइट इंजिनीयरने ते दुसरं विमान बाजूला झालं नाही का, असं विचारलं होतं, पण कॉकपिटमध्येच. तो प्रश्न टॉवरपर्यंत गेला नाही.

आणीबाणीच्या गडबडीत मिळतेजुळते कॉल साइन (३४५ आणि ३५४) एकाच फ्रिक्वेन्सीवर असतील, तर नियंत्रकाने एकाला तात्पुरता वेगळा कॉल साइन द्यावा. तो आणीबाणीतल्या विमानाला नको, दुसऱ्याला द्यावा.

## रेडिओ गेला तर

टॉवरकडे दिवा असतो. जमिनीवरच्या विमानाला स्थिर लाल म्हणजे थांबा, लुकलुकता लाल म्हणजे वापरातली धावपट्टी मोकळी करा. हवेतल्याला स्थिर लाल म्हणजे इतरांना वाट द्या आणि घिरट्या घालत राहा, लुकलुकता लाल म्हणजे विमानतळ असुरक्षित, उतरू नका. समजल्याची खूण जमिनीवर दिवसा एलेरॉन (पंखांवरच्या हलत्या पट्ट्या) किंवा रडर (शेपटीवरचं सुकाणू) हलवून, रात्री उतरण्याचे दिवे दोनदा उघडझाप करून द्यायची. हवेत असताना ट्रान्सपॉन्डरवर ७६०० हा रेडिओ बंद पडल्याचा संकेत.

## धावपट्टी पुन्हा उघडताना

आग विझली, विमान ओढून नेलं, म्हणजे धावपट्टी मोकळी झाली असं नाही. टायरचे तुकडे, इंजिनाचे भाग, फेस, सांडलेलं इंधन यांची पाहणी व्हावी लागते. पाहणी करणाऱ्याने निःसंदिग्ध शब्दांत कळवायचं: धावपट्टीचा क्रमांक, पाहणी पूर्ण, सर्व वाहनं आणि माणसं बाहेर, वेळ. टॉवरने वाहनांची संख्या आत गेलेल्या यादीशी ताडून बघावी. आत गेलेली वाहनं सात आणि बाहेर आलेली सहा असतील, तर सातवं वाहन डोळ्यांनी दिसेपर्यंत एकाही विमानाला परवानगी नाही.

शांतता लादली असेल तर ती उठवायलाही विसरू नये: ‘डिस्ट्रेस ट्रॅफिक एंडेड.’ हे राहून गेलं की बाकीची विमानं उगाच गप्प राहतात, आणि मग सगळी एकदम बोलू लागतात. या टप्प्यावर टॉवरमध्ये नवा नियंत्रक बसवायचा असेल, तर त्याने ताबा घेण्याआधी चार प्रश्नांची उत्तरं तोंडी घ्यावीत: कोणती धावपट्टी बंद आहे, आत कोणती वाहनं आहेत, कोणाला गो अराउंड दिलं होतं आणि तो आता कुठे आहे, कोणाच्या रीडबॅकची वाट पाहणं चालू आहे.